ताईगिरी चालणार नाही असा, दोघांनी मिळून खेळायचा गेम सुचवा

मंडळी, मदत हवी आहे. घरात थोरली १३ वर्षांची, धाकटा ८. जुना पीएस४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), कंट्रोलर दोन. फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती मीच बंद केल्या. कोणीतरी हरायचं, कंट्रोलर सोफ्यावर आदळायचा आणि निवाड्याला मी.

म्हणून दोघं एकाच बाजूने खेळतील असा 'ओव्हरकुक्ड' आणला. कांदे चिरायचे, तीन कांदे पातेल्यात टाकायचे, सूप ताटलीत ओतून ऑर्डर द्यायची. दोन दिवस हसतखेळत गेले. आता थोरली मुकादम झाली आहे. "तू चिरू नकोस, मी चिरते, तू ताटल्या घास." धाकटा आठवडाभर ताटल्याच घासतोय. परवा त्याने मुद्दाम पातेलं करपू दिलं. आग गेममध्येही लागली आणि घरातही.

मला वाटतं गोम अशी की दोघांना सगळंच दिसतं, सगळंच करता येतं. मग जो चपळ तो दुसऱ्याला हाताखाली घेणारच.

उलट 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' मस्त जमला. बाँब एकालाच दिसतो, तो निकामी करायची पुस्तिका दुसऱ्याकडे, आणि एकमेकांचं बघायचं नाही. पुस्तिका त्यांच्या साइटवर फुकट आहे, २३ पानं. धाकट्याला इंग्रजी झेपेना, म्हणून तारांचं पान मी वहीत मराठीत उतरवून दिलं. "तारा तीन? लाल एकही नाही? मग दुसरी काप!" काय रुबाबात सांगतो! आणि ताई निमूट कापते. पण पुढची पानं (त्यात मोर्स कोडसुद्धा आहे!) उतरवायचं त्राण माझ्यात नाही.

तर, असाच दुसरा कुठला गेम आहे का? 'इट टेक्स टू'मध्ये एकाला खिळे, दुसऱ्याला हातोडा असं वेगवेगळं मिळतं आणि तो एकट्याने खेळताच येत नाही, हे अगदी हवं तसं आहे. पण गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या आईबाबांची, शिवाय खेळण्यातली हत्तीण गयावया करत असताना ते दोघं तिला तोडतात, तो प्रसंग. ८ वर्षांच्या मुलाबरोबर कुणी खेळलंय का? तेवढा भाग तो झोपल्यावर मी आणि थोरलीने उरकला तर पुढची गोष्ट त्याला कळेल ना?

लेगोवाले सुचवू नका, घरात आहेत. त्यात धाकटा नुसता नाणी वेचत फिरतो. सेकंडहँड डिस्क चालेल.