हॉकीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीचे दोन पिक (नवा खेळाडू निवडायच्या पाळ्या) देऊन पहिल्या फेरीचा एक घ्यावा का?

निळीरेघ
एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, अ‍ॅनाहाइमने ३६ आणि ५४ क्रमांकाचे पिक डॅलसला देऊन २८ वा घेतला आणि कोरी पेरीला उचललं. पेरीने २००७ चा स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, २०११ ची हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब) मिळवली. डॅलसने त्या दोन पिकांवर घेतलेले पोलाक आणि क्रॉम्बीन आज किती जणांना आठवतात? संधी दिसली की वर सरका.

सातवी_फेरी
एका सौद्यावरून नियम काढू नका. त्याच ड्राफ्टमध्ये सॅन होजेला पॅव्हेल्स्की २०५ वा मिळाला. डेट्रॉइटला डॅट्स्युक १७१ वा (१९९८), झेटरबर्ग २१० वा (१९९९). तिघंही पुढे स्टार ठरले.

निळीरेघ
डेट्रॉइटला एवढी खात्री असती तर झेटरबर्गसाठी २१० पर्यंत थांबले असते का? त्यांचे स्काउट चांगलेच होते, पण नशीबही होतं. आता युरोपातल्या ज्युनियर मॅचचे व्हिडिओ बत्तीसही संघ बघतात.

क्रीजच्या_आत
गोलकीपर मात्र यातून वगळा. २००० मध्ये पहिला पिक डिपिएट्रो, २०५ वा लुंडक्विस्ट; नाव कमावलं ते लुंडक्विस्टने. हेलेबक १३० वा (२०१२), शेस्टर्किन ११८ वा (२०१४). गोलकीपर उशिरा पिकतो, अठराव्या वर्षी त्याचा अंदाज बांधणं अवघड. वासिलेव्हस्की १९ वा होता हे मान्य, तरी पहिल्या पाचात गोलकीपर घ्यायला मी तयार नाही.

हिशोबनीस
दोघंही पिकांची संख्या मोजताय, उतार, म्हणजे क्रमांक घसरला की पिकची किंमत किती घसरते, ते कुणी बघत नाही. १ वरून ५ वर घसरलं की जेवढं जातं, तेवढं ६० वरून ८० वर जाताना जात नाही. तिसऱ्या फेरीपासून तर उतार जवळपास सपाट, म्हणून तिथे वर सरकणं स्वस्त पडतं. २०१४ मध्ये टॅम्पाने मिनेसोटाला ८० वा आणि पुढच्या वर्षीचा सातव्या फेरीचा पिक देऊन ७९ वा घेतला. त्यावर आला पुढे स्टार ठरलेला ब्रेडन पॉइंट.

सातवी_फेरी
आणि त्याच टॅम्पाने २०११ मध्ये पालाट सातव्या फेरीतच घेतला, २०८ वा! म्हणजे तो पिक फुकट वाटायचा नव्हे.

हिशोबनीस
फुकट नाही, पण पालाट दरवर्षी निघत नाही. शिवाय एका संघाला एका वेळी खेळाडूंचे ५० च करार ठेवता येतात. शेवटच्या फेऱ्यांचे पिक साठवले की दोन-तीन वर्षांनी कुणाला करार द्यायचा आणि कुणाचे हक्क सोडायचे, यावर गाडी अडते. सपाट भागातले पिक सौद्यात वापरा. पहिल्या दहातला मात्र कुणी दोन दुसऱ्या फेरीचे देतो म्हणाला तरी हलवू नका.

निळीरेघ
मग पेरीचा सौदा बरोबर की चूक?

हिशोबनीस
२००३ सारख्या खोल (उशिरापर्यंत चांगले खेळाडू मिळणाऱ्या) ड्राफ्टमध्ये दोन्ही बाजूंना परवडणारा होता. डॅलसची चूक सौद्यात नाही, ३६ व्या पिकावर कुणाला घेतलं त्यात आहे.