मालवण किनाऱ्यावरील हेलिकॉप्टर सफरीविषयी माहिती हवी आहे

नमस्कार. येत्या डिसेंबरात आईवडिलांना मालवणचा किनारा हेलिकॉप्टरमधून दाखवावा, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा नागमोडी तट आणि कर्ली नदी व समुद्र यांच्यामध्ये चिंचोळी उरलेली देवबागची पट्टी होडीतून किंवा रस्त्यावरून एका नजरेत सामावत नाही, म्हणून हा खटाटोप.

या भागात अशी सफर नियमितपणे चालते, की पूर्ण हेलिकॉप्टर भाड्याने घ्यावे लागते, आणि उड्डाण चिपी विमानतळावरून होते की अन्य ठिकाणाहून, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे. सकाळी सूर्य पाठीशी असल्याने किल्ला स्वच्छ दिसेल आणि दुपारनंतर पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर येईल, असा माझा अंदाज आहे. परंतु थंडीतले सकाळचे धुके कितपत आड येते? धुक्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हेही आरक्षणापूर्वी लेखी घ्यावे म्हणतो.

वजनाचा तोल साधण्यासाठी जागा वैमानिकच ठरवतात, हे ठाऊक आहे. तरीही वडिलांना गुडघेदुखीमुळे उंच पायरी चढणे जमत नाही आणि ते श्रवणयंत्र वापरतात, तेव्हा चढण्यास मदत मिळते का आणि यंत्रावर हेडफोन नीट बसतो का, हे कोणी ज्येष्ठांना नेले असल्यास अवश्य कळवावे. आईची काही अडचण नाही. तिला फक्त खिडकी हवी आहे.