मदत हवी आहे: उन्हाने पाणी निर्जंतुक करणारा लेप कुणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. उन्हाळ्यात टँकरचं पाणी. रांजणात रात्रभर ठेवलं की तळाला बोटभर गाळ. मागच्या महिन्यात जुलाबाने धाकटी पार गळून गेली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

सध्या तुरटीने निवळून, पारदर्शक बाटल्यांत भरून ६ तास कडक उन्हात ठेवतो. आता टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल (रंगात घालतात ती पांढरी भुकटी) वाचलं. पाण्यात त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की हायड्रॉक्सिल मूलकं (झटकन अभिक्रिया करणारे कण) तयार होतात नि ती जिवाणूंचं आवरणच फोडतात. ऊन तर आपल्याकडे रग्गड!

पण भुकटी पाण्यात टाकली तर परत गाळायची कशी? काचेवर लेप दिला तर किती दिवस टिकतो, भट्टीत तापवावा लागतो का? संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात कुणी यावर काम करत असेल तर सांगा, मी बाटल्या घेऊन स्वतः येईन.