मदत हवी आहे: 'कंपोस्टेबल' पिशव्या दोन महिन्यांत फाटायला लागल्या

किराणावाला
प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीमुळे कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशव्या घेतल्या. आता दोन किलो साखर टाकली की तळाची शिवण उसवते. विक्रेता फोन उचलत नाही. फसवणूक झाली का? लवकर सांगा, अजून चार गठ्ठे शिल्लक आहेत.

मायक्रॉन
गाव कुठलं? गठ्ठे कुठे ठेवलेत? पिशवीवर काय छापलंय?

पर्यावरणप्रेमी
कागदी पिशवी वापरा, विषय संपला.

मायक्रॉन
साखर, भिजलेली भाजी कागदात कशी टिकेल? आणि वर्तमानपत्रात खायचं बांधू नका, शाई लागते.

किराणावाला
रत्नागिरी. पोटमाळ्यावर, पत्र्याखाली. छापलंय फक्त 'इको फ्रेंडली १००%'.

मायक्रॉन
मग दोन्ही शक्यता आहेत, माल खोटा किंवा साठवण चुकीची. खरी पिशवी बहुतेक वेळा पीबीएटी (कुजणारं प्लास्टिक) आणि स्टार्चची. दमट हवा आणि पत्र्याची धग लागली की ती आपोआप कमजोर होते. गठ्ठा सीलबंद, जमिनीलगत थंड जागी ठेवा, सहा महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका. पण खऱ्या पिशवीवर 'कंपोस्टेबल' शब्द आणि उत्पादकाचं नाव छापलेलं असतं. उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, भारतीय मानक आयएस १७०८८. विक्रेत्याकडे प्रत मागा.

जाडपिशवी
सरळ १२० मायक्रॉन जाडीची प्लास्टिक पिशवी घ्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केंद्राच्या नियमात बसते.

मायक्रॉन
चुकीचा सल्ला. राज्याची २०१८ ची बंदी जाडी बघत नाही, हँडल असो वा नसो. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००.

रसायन
घरी चाचणी: बोटभर तुकडा पाण्यात बुडवा, साबणाचा थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. तरंगला तर पॉलिथीन. बुडला तर कंपोस्टेबल असू शकतो, पण पॉलिथीनमध्ये चुन्याची भुकटी भरपूर घातली तर तेही बुडतं. म्हणून कागदपत्रंच बघा.

शिवणकाम
कापडी पिशवीच शिवा. ३६ इंच पन्ह्याचं मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) आधी धुऊन आटवा. मग एक मीटरमध्ये दोन पिशव्या: १५ इंच रुंद दोन पट्टे, उरलेल्या पट्टीतून चार पट्टे हँडलला. जोडावर चौकोन आणि आत फुली मारून शिवा, तिथेच आधी फाटते.

किराणावाला
तुकडा तरंगला.

मायक्रॉन
मग गिऱ्हाइकाला देऊ नका. आणि खऱ्या पिशव्याही घरच्या कुंडीत लवकर कुजत नाहीत, त्यांना मोठ्या ढिगातली ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते. बिल आहे का?