लँडन डॉनोवन: युरोपात टिकला नाही म्हणून लहान ठरतो का? (तिघांची चर्चा)

उजवा विंगर
अमेरिकी फुटबॉलचा विषय निघाला की डॉनोवनबद्दल हमखास ऐकू येतं, ‘खेळाडू चांगला, पण युरोपात टिकला नाही.’ मला हा निकषच मान्य नाही. १९९९च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी जर्मनीत लेव्हरकुसेन क्लबकडे गेला. तिथे रमला नाही. २००१मध्ये लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, अमेरिकेतल्या सॅन होजे क्लबकडे आला आणि त्याच वर्षी एमएलएस कप, म्हणजे अमेरिकी लीगचं विजेतेपद, जिंकला. सॅन होजेबरोबर दोन, लॉस एंजेलिस गॅलेक्सीबरोबर चार, असे एकूण सहा कप. देशासाठी १५७ सामने, ५७ गोल. आणि लीगची तेव्हाची अवस्था आठवा: २००१च्या मोसमानंतर मायामी आणि टॅम्पा बे हे दोन संघ बंद पडले. अशा लीगला देशातल्या सर्वांत गुणी पोराने आपली उमेदीची वर्षं दिली. हे मला बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मन लीगच्या, शे-दोनशे सामन्यांपेक्षा मोठं वाटतं.

मधली फळी
लीगचा फायदा झाला हे कबूल, पण प्रश्न खेळाडू किती मोठा हा आहे. २००५मध्ये लेव्हरकुसेनला परत गेला आणि काही महिन्यांत पुन्हा कॅलिफोर्नियात. २००९मध्ये जर्मनीच्याच बायर्न म्युनिककडून लीगचे सहा सामने, गोल एकही नाही. आता अमेरिकेचाच क्लिंट डेम्प्सी बघा. इंग्लंडच्या फुलहॅम क्लबमध्ये पाय रोवून राहिला. २०१०मध्ये युव्हेंटसविरुद्ध चेंडू अलगद उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला, संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला. २०११-१२मध्ये प्रीमियर लीगमध्ये १७ गोल केले. देशासाठी त्याचेही ५७च गोल आहेत, तेही १४१ सामन्यांत! दर आठवड्याला वरच्या दर्जाचा बचाव समोर असताना खेळणं, हीच खरी कसोटी.

उजवा विंगर
मग इंग्लंडमधला एव्हर्टन क्लब का वगळलात? २०१०च्या सुरुवातीला डॉनोवन तिथे लोनवर होता. त्या काळात एव्हर्टनने चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांनाही हरवलं, दोन्ही सामन्यांत डॉनोवन खेळला. क्लबला तो आणखी काही काळ हवा होता, एमएलएसने सोडला नाही. म्हणजे कुवतीचा प्रश्नच नव्हता. त्याच उन्हाळ्यात विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध नव्वद मिनिटं संपून भरपाईचा वेळ सुरू झालेला, बरोबरी झाली तर अमेरिका घरी. आपला गोलकीपर हॉवर्डने चेंडू थेट डॉनोवनकडे फेकला, तो अर्धं मैदान धावला, सहकारी अल्टिडोरला दिला, डेम्प्सीचा फटका गोलकीपरने अडवला आणि परत आलेल्या चेंडूवर पुन्हा डॉनोवनच हजर! इंग्लंडला मागे टाकून गट जिंकला. हालचाल सुरू करणारा तोच, संपवणारा तोच.

गोदाकाठ
युरोपचा वाद चालू द्या. मला २०१४ जास्त बोचतं. २०१२चा मोसम संपल्यावर त्याने काही महिने खेळ थांबवला, कंबोडियाला गेला, मन थकलंय हे उघड सांगितलं. परत आल्यावर २०१३च्या गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी अमेरिकेचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लिन्समन यांनी त्याला विश्वचषकाच्या २३ जणांतून वगळलं. त्यानंतर काही दिवसांतच त्याने दोन गोल करून एमएलएसचा गोलांचा विक्रम मोडला.

मधली फळी
इथे मी प्रशिक्षकाच्या बाजूने आहे. पात्रता फेरी चालू असताना मुख्य खेळाडू महिनोन्‌महिने नसेल, तर त्याच्याशिवाय संघ बांधावाच लागतो. पूर्वपुण्याईवर जागा मिळू नये. बदली आलेल्या एकोणीस वर्षांच्या ज्युलियन ग्रीनने बेल्जियमविरुद्ध गोल केला, हेही विसरू नका.

गोदाकाठ
ग्रीनचा गोल सुंदरच होता. पण निवड पुण्याईवर नको म्हणता, तर ती फॉर्मवर हवी ना? त्याच मोसमात डॉनोवनचे लीगमध्ये १९ असिस्ट (गोलसाठी दिलेले निर्णायक पास) होते, सर्वांत जास्त. डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंडला हरवून गॅलेक्सीने कप उचलला. पायाला दुखापत होऊन कोणी चार महिने बाहेर बसला असता, तर त्याच्या निष्ठेवर कोणी शंका घेतली नसती. मनाच्या थकव्यासाठी तीच मुभा का नाही, एवढंच मला विचारायचंय.

मधली फळी
मुभा हवीच, यात वाद नाही. पण परतल्यावर जागा राखून ठेवलेली नसते, दुखापतीतून आलेल्यालाही नाही. २३ जणांत तो बसला असता असं मलाही वाटतं; पहिल्या अकरांत नाही.