तीन एकर बटाटा लावावा की घरची ज्वारी राखावी?

प्रश्न (मोहोळ तालुका): आमची तीन एकर जमीन असून विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरते. आजवर रब्बीत दोन एकर मालदांडी ज्वारी आणि उरलेल्या एकरात कांदा घेत आलो. परंतु सलग दोन वर्षे कांद्याच्या विक्रीची पट्टी (हिशोबाची पावती) हाती आली तेव्हा वाहतूक आणि हमाली वजा जाता काहीच उरले नाही. म्हणून यंदा तिन्ही एकरांत बटाटा लावून त्याच्या पैशातून वर्षाची ज्वारी विकत घ्यावी, असा विचार आहे. घरात सहा माणसे आणि दोन म्हशी आहेत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

उत्तर १ (माढा): दादा, पहिल्या वर्षी अर्ध्या एकरापुढे जाऊ नका. एकरी १० ते १२ क्विंटल बेणे (लागवडीचे बटाटे) लागते आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यातच जातो. कंद पोसायला रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली असावे लागते, आणि आपल्याकडे तशी थंडी जेमतेम जानेवारीअखेरपर्यंत टिकत असल्याने लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापलीकडे लांबवू नये. चोपण (क्षारयुक्त, पाणी न निचरणाऱ्या) रानात तर लावूच नका.

उत्तर २ (मंगळवेढा): म्हशी वर्षभर काय खाणार, हा प्रश्न मला आधी पडला. ज्वारी गेली की कडबाही गेला, आणि उन्हाळ्यात तो विकत घेताना दुधाचे पैसे त्यातच जिरतात. शिवाय ज्वारी कणगीत वर्षभर राहते, तर बटाट्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्याने आपल्या चैत्राच्या उन्हात घरात ठेवलेला माल कोंब धरतो किंवा सडतो. मुलांच्या ताटात भाजी म्हणून बटाटा अवश्य असावा, त्यातून क जीवनसत्त्वही मिळते. मात्र भाकरीची जागा त्याला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३ (सोलापूर): विक्रीचेही आधीच ठरवा. उत्तर प्रदेशातील नवा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या प्रमाणावर उतरतो, त्यामुळे तुमची काढणी त्याआधी व्हावी. काढणीच्या आठ-दहा दिवस अगोदर पाला कापून साल पक्की होऊ द्या, प्रतवारी करा आणि काही माल आठवडी बाजारात स्वतः विका. वेफर्ससाठी करार करणार असाल तर वाण आधी विचारा. कुफरी पुखराज त्यासाठी चालत नाही. नापसंत माल कोणी उचलायचा, हेही लेखी घ्या.

प्रश्नकर्ता: कडब्याचा हिशोब मी धरलाच नव्हता. दोन एकर ज्वारी ठेवतो आणि कांद्याच्या रानापैकी अर्ध्या एकरात बटाटा लावतो. बेणे कापून लावावे की अख्खे?

उत्तर १: ३० ते ५० ग्रॅमचे अख्खे मिळाले तर तेच घ्या.