घरच्या संगणकात वैयक्तिक फाइलींसाठी वेगळे पार्टिशन असावे का?

मूळ मांडणी

घरच्या संगणकात सहसा एकच डिस्क असते, आणि हल्ली नवा संगणक हाती येतो तेव्हा ती सगळी डिस्क ‘सी’ या एकाच ड्राइव्हच्या रूपात दिसते. पूर्वी तिचे सी, डी, ई असे तुकडे, म्हणजे पार्टिशन, करून देण्याची पद्धत होती. आता ती मागे पडत चालली आहे आणि ‘पार्टिशन करूच नका, फोल्डर पुरेसे आहेत’ असा सल्ला अनेक जाणकार देतात. मला तो पटत नाही. चार-पाच ड्राइव्ह करण्याच्या बाजूने मीही नाही. परंतु एक पार्टिशन विंडोज व प्रोग्रॅमसाठी आणि दुसरे आपल्या फाइलींसाठी, एवढी विभागणी घरगुती संगणकात असलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

पार्टिशन करण्याची जुनी कारणे आता उरलेली नाहीत, हे आधीच मान्य करतो. फॅट-१६ या फाइल व्यवस्थेत डॉस किंवा विंडोज ९५ वापरताना एक ड्राइव्ह २ जीबीपेक्षा मोठी करता येत नसे, आणि तेवढी मोठी केली तर क्लस्टर, म्हणजे फाइलीला जागा देण्याचे सर्वांत लहान माप, ३२ केबीचा होत असल्यामुळे १ केबीचे पत्रही डिस्कवर ३२ केबी जागा अडवत असे. लहान ड्राइव्ह करणे त्या काळी जागा वाचवण्याचा खरा उपाय होता. १९९६ मध्ये फॅट-३२ आले तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली, आणि विंडोजच्या आजच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत १६ टीबीपर्यंतच्या ड्राइव्हवरही क्लस्टर साधारणपणे ४ केबीचाच असतो.

माझे कारण वेगळे आहे. विंडोज आणि प्रोग्रॅम बदलत राहतात, बिघडतात, पुन्हा टाकावे लागतात. छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे, हिशेब आणि पत्रव्यवहार मात्र संगणक बदलला तरी पुढे न्यायचा असतो. दोन्ही एकाच ड्राइव्हवर असले की विंडोज सुरू होईनासे झाल्याबरोबर सगळी दुरुस्ती फाइलींच्या काळजीपाशी अडून बसते, कारण अनेकदा फॉरमॅट केल्यावाचून काम भागत नाही आणि फॉरमॅट करण्याचे धाडस होत नाही. फाइली डी ड्राइव्हवर असतील तर सी पुसून विंडोज नव्याने टाकता येते. शिवाय कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारी एनटीएफएस नोंदवही प्रत्येक पार्टिशनची स्वतंत्र असते. वीज अचानक गेल्यामुळे सीची नोंदवही बिघडली, तर डीवरच्या फाइलींच्या नोंदी तिच्यासोबत बिघडत नाहीत.

आणखी एक लाभ फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर विशेष जाणवतो. चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता, तिच्या जागी दुसरे काही लिहिले गेले आहे की नाही, यावर अवलंबून असते. सी ड्राइव्हवर अपडेट, ब्राउझरचा कॅश, पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरते ती फाइल) आणि नोंदी यांचे लेखन आपण काहीही करत नसतानाही चालू असते. डी ड्राइव्ह त्या मानाने शांत असते.

प्रतिसाद १ : असहमत

धागालेखकांनी जुनी कारणे स्वतःच बाजूला ठेवली हे चांगले केले, परंतु जे मुख्य कारण उरते तेही दिसते तितके भक्कम नाही. ‘सी पुसली तरी माझे सगळे डीवर आहे’ हा विश्वासच धोकादायक आहे, कारण वापरणाऱ्याचे सगळे डीवर कधीच नसते. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सीवर असतात. ब्राउझरचे बुकमार्क व साठवलेले पासवर्ड, थंडरबर्डमधील ई-मेल आणि अनेक प्रोग्रॅमची माहिती ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये, म्हणजे सीवरच असते. डीवरचे फोटो पाहून निश्चिंत झालेली व्यक्ती सी फॉरमॅट करते आणि कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार गमावते. सगळे एकाच ड्राइव्हवर असते तर तिने फॉरमॅटपूर्वी पूर्ण प्रत काढली असती.

आता आकाराचा प्रश्न. पार्टिशन करताना पुढच्या पाच-सात वर्षांत विंडोजला किती आणि फाइलींना किती जागा लागेल, याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधावा लागतो आणि तो बहुधा चुकतो. सी भरते, अपडेट अडतात, आणि शेजारी डीवर शेकडो जीबी मोकळे पडून असतात. अशा वेळी ‘डी थोडी कमी करू आणि सी वाढवू’ असे वाटते, पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते होत नाही. डी आकसली की मोकळी जागा तिच्या शेवटी निघते, आणि सीला फक्त स्वतःच्या लगत उजवीकडची मोकळी जागा घेता येते. मध्ये डी उभी असते. तिच्यातले सगळे बाहेर काढून ती पुसा, नाही तर दुसरे सॉफ्टवेअर आणून सगळा मजकूर सरकवा, एवढेच पर्याय राहतात. आणि त्या सरकवण्यात मध्येच वीज गेली तर ज्या फाइलींसाठी एवढा खटाटोप केला त्याच अर्धवट राहू शकतात. सी आकसून डीला जागा देणेही सरळ नाही, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि एनटीएफएसची मुख्य नोंदवही यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्ये आल्या की त्यांच्या पुढे आकसणे थांबते.

ठरावीक आकार किती जाचक होतो, याचे उदाहरण खुद्द विंडोजने दिले आहे. जानेवारी २०२४ मधील ‘केबी५०३४४४१’ या क्रमांकाचे सुरक्षा अपडेट असंख्य संगणकांवर अडले, कारण दुरुस्तीच्या साधनांसाठी विंडोज वेगळे राखते त्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये त्याला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ते पार्टिशन आधीच लहान आखलेले होते. डिस्कवर इतरत्र कितीही जागा असली तरी तिचा उपयोग नव्हता. ज्यांनी विंडोज बनवले त्यांचाच अंदाज चुकला, तर घरी वापरणाऱ्यांकडून अचूक अंदाजाची अपेक्षा का करावी?

फोल्डरला असा आकार ठरवून द्यावा लागत नाही. एकाच ड्राइव्हवर फाइल इकडून तिकडे हलवली तर केवळ नोंद बदलते आणि काम क्षणात होते; सीवरून डीवर नेताना मात्र प्रत्येक बाइटची नक्कल होऊन मूळ पुसले जाते. मोठे व्हिडिओ हाताळणाऱ्यांना हा फरक रोज सोसावा लागतो.

प्रतिसाद २ : भिंत हवी, पण सरकती

वरील दोन्ही बाजू विंडोज आणि एनटीएफएस गृहीत धरून बोलत आहेत, म्हणून वाद ‘भिंत हवी की नको’ एवढ्यावर अडला आहे. प्रणाली आणि फाइली वेगळ्या असाव्यात, परंतु जागा सामाईक असावी, हे इतरत्र साध्य झालेले आहे. ॲपलने २०१७ मध्ये मॅकवर आणलेल्या एपीएफएस या फाइल व्यवस्थेत एका कंटेनरात, म्हणजे एका सामाईक जागेत, अनेक व्हॉल्यूम (ड्राइव्हसारखे वेगळे भाग) राहतात आणि मोकळी जागा सर्वांची मिळून एकच असते. २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून तर मॅकची प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या एका व्हॉल्यूमवर आणि वापरणाऱ्याची माहिती दुसऱ्या व्हॉल्यूमवर असते, आणि बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. लिनक्समध्ये ‘होम’साठी, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलींसाठी, वेगळे पार्टिशन करण्याची चाल जुनी आहे; फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉप आवृत्त्यांत बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्था आली आणि मूळ प्रणाली व ‘होम’ हे एकाच जागेतील दोन उपव्हॉल्यूम झाले.

यावरून धागालेखकांचा विचार योग्य ठरतो, असे मला वाटते. प्रणाली बनवणाऱ्यांनीच तो स्वीकारला आहे. पहिल्या प्रतिसादातील आकाराचा आक्षेपही तितकाच खरा आहे, कारण तोच दूर करण्यासाठी ही रचना झाली. विंडोजच्या घरगुती वापरात अशी सोपी सोय नाही, म्हणून तेथे काहीतरी सोडावेच लागते.

प्रतिसाद ३ : पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे

या चर्चेत एक गोष्ट अजून पुरेशा स्पष्टपणे आलेली नाही. सी आणि डी ही दोन अक्षरे दिसली तरी डिस्क एकच असते. डिस्कचा कंट्रोलर जळाला, लॅपटॉप पडला किंवा चोरीला गेला, तर दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी जातात. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, तर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हमधील फाइली कुलूपबंद करू पाहते. त्याच्या दृष्टीने सी आणि डी यांत भेद नाही. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपा असलेल्या डिस्कमध्ये, ही सीमा आणखीच नाममात्र असते. सगळ्या चिपांची झीज समान व्हावी म्हणून कंट्रोलर माहिती चिपांमध्ये हवी तिथे ठेवत असतो, त्यामुळे डीच्या फाइली कुठल्या वेगळ्या, सुरक्षित भागात असतात असे नाही.

डी ड्राइव्ह असल्याच्या समाधानामुळे बाहेरची डिस्क घ्यायची राहून जाते, ही माझी खरी तक्रार आहे. सीवरच्या फोल्डरची नक्कल डीवर ठेवून त्याला बॅकअप म्हणणारे लोक भेटतात, आणि त्या डिस्कमधून आवाज येऊ लागल्यावर त्यांची जी अवस्था होते ती पाहवत नाही. पार्टिशन करावे की करू नये, याची चर्चा आधी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आणि शक्यतो दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत ठेवून मगच करावी.

धागालेखकाचे उत्तर

बॅकअपचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मांडणीचा त्याला विरोध नाही. उलट वेगळे पार्टिशन बॅकअप सोपा करते, असे मी म्हणेन. कोणते फोल्डर निवडायचे आणि कोणते वगळायचे हा विचार प्रत्येक वेळी न करता संपूर्ण डीची प्रत घेता येते. आणि जे काम सोपे असते तेच घरात नियमित होते.

ॲपडेटाबद्दलचा आक्षेप महत्त्वाचा आहे, परंतु त्यावरून पार्टिशन निरुपयोगी ठरत नाही. ते नीट जुळवून घ्यावे लागते, एवढेच ठरते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स यांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन हा टॅब असतो. तिथून ते फोल्डर डीवर हलवले की प्रोग्रॅमही नव्या जागीच जतन करू लागतात. मात्र त्यासाठी डीमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र फोल्डर आधी तयार करावा. डॉक्युमेंट्सचा पत्ता थेट ‘डी’ असा देऊ नये, कारण मग सगळी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसते आणि ते परत फिरवणे कटकटीचे जाते. थंडरबर्डचे प्रोफाइलही डीवर ठेवता येते. स्वतः ॲपडेटा मात्र हलवू नये, त्याने प्रोग्रॅम बिघडतात.

फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा टाकले तर जुन्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’मध्ये राहतात, आणि रीसेटमध्ये ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय आहे, त्यामुळे डीची गरज काय, असे कोणी विचारील. या दोन्ही सोयी ती ड्राइव्ह वाचता येत असेपर्यंतच्या आहेत, आणि दुरुस्ती दुसऱ्या कोणी करायची असेल तर तो हे पर्याय निवडेलच याची खात्री देता येत नाही. ‘सी पुसा, डीला हात लावू नका’ ही सूचना कोणालाही कळते.

प्रतिसाद ४ : एन्क्रिप्शनची सावधगिरी

‘सी पुसा’ ही सूचना आता तेवढी साधी राहिलेली नाही, हे धागालेखकांच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. अनेक नव्या संगणकांत एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवणे, आपोआप सुरू झालेले असते आणि ते सीपुरते न राहता डिस्कवरील दुसऱ्या पार्टिशनलाही लागू होते. रोजच्या वापरात डी आपोआप उघडते, कारण ती उघडण्याची किल्ली सीवरच्या विंडोजमध्ये जपलेली असते. सी पुसली की ती किल्ली जाते आणि नवे विंडोज डी उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती जवळ नसेल तर डीवरच्या फाइली डोळ्यांसमोर असूनही कायमच्या गेल्या. म्हणून दोन्ही ड्राइव्हच्या कीज आधीच शोधून कागदावर लिहून ठेवाव्यात. संगणकातल्याच फाइलीत ठेवण्याला काही अर्थ नाही.

विंडोज टाकताना जी यादी दिसते तिच्यात सी, डी ही अक्षरे नसतात. पार्टिशनचा क्रमांक आणि आकार दिसतो. दोन्ही पार्टिशन सारख्याच आकाराची केली असतील तर घाईत चुकीचे पुसले जाण्याची भीती खरी आहे, तेव्हा आकार मुद्दाम वेगळे ठेवावेत.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

चर्चा वाचून माझे मत बदललेले नाही, मात्र ते मला अधिक नेमके मांडता येते. ज्या संगणकात २५६ जीबीची एकच एसएसडी आहे तिथे पार्टिशन करू नये. विंडोज, त्याची अपडेट आणि प्रोग्रॅम यांसाठी मोकळेपणाने जागा सोडली की फाइलींना उरते ते फारच थोडे, आणि वर्षभरात दोहोंपैकी एक ड्राइव्ह भरते. तिथे सगळे फोल्डर एका मुख्य फोल्डरखाली आणावेत आणि त्या एका फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ‘संपूर्ण डीची प्रत’ हा धागालेखकांचा लाभ असाच मिळतो. १ टीबी किंवा त्याहून मोठी डिस्क असेल, तर सीला निदान २५० जीबी देऊन उरलेली डी करण्याला मी हरकत घेणार नाही, कारण तिथे अंदाज चुकला तरी सीची कोंडी लवकर होत नाही. आणि डेस्कटॉप संगणकात दुसरी डिस्क बसवण्याची जागा असेल, तर फाइली तिच्यावर न्याव्यात: विंडोजची डिस्क निकामी झाली तरी त्या शाबूत राहतील, आणि एकाच डिस्कचे दोन भाग करून हे कधीच मिळत नाही.

धागालेखकाचे उत्तर

दुसऱ्या डिस्कबाबत दुमत नाही. २५६ जीबीच्या एसएसडीबाबत मात्र मी अजूनही सहमत नाही. तेवढ्या लहान डिस्कवर छायाचित्रे आणि व्हिडिओ बाहेरच ठेवावे लागतात, आणि मग उरलेल्या कागदपत्रांना ३० ते ४० जीबीची डी पुरेशी होते. कागदपत्रे फार वाढत नाहीत. वाढते ते विंडोज, आणि त्याच्यासाठी २०० जीबीच्या आसपास जागा शिल्लक राहते.